शमुवेल नबीची साक्ष आणि टॉमस पेनची पुस्तिका

वाचकहो, परक्या सत्तेखालून सुटलेल्या देशांचा इतिहास वाचताना आपण सेनापतींची, लढायांची आणि तहांची नावे पाठ करतो. परंतु लढाईला उभे राहण्यापूर्वी लोकांची मने तयार व्हावी लागतात, आणि ती तयार करणारे कागद बहुधा लवकरच रद्दीत जातात. १९४२ साली मुंबईत चोरून छापलेली आणि हातोहात वाटलेली पत्रके आपल्या समाजातील कित्येक घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून ठाऊक आहेत. ती जपून ठेवण्याची सोय नव्हती; वाचून झाली की फाडून टाकणेच शहाणपणाचे असे.

अशा पत्रकांच्या आणि पुस्तिकांच्या घराण्यातील एक फार प्रसिद्ध पुस्तिका म्हणजे टॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’, अर्थात साधा व्यवहारी शहाणपणा. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, १७७६च्या जानेवारीत, ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ४ जुलै रोजी तेरा इंग्रजी वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. या दोन घटनांचा संबंध शाळेच्या पुस्तकांतून सांगितला जातो. मात्र या पुस्तिकेतील एक अत्यंत परिणामकारक भाग आपल्या तनखवर, आपल्या शमुवेल नबीच्या शब्दांवर उभा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणूनच ती पुन्हा वाचून तिचे परीक्षण या पानांत करावे असे आम्हांस वाटले. नबीला साक्षीला बोलावणाऱ्याने त्याची साक्ष पुरी ऐकून घेतली की अर्धीच, हा आमचा मुख्य प्रश्न आहे.

आधी लेखकाविषयी. टॉमस पेन १७३७ साली इंग्लंडमध्ये थेटफर्ड येथे जन्मला. बाप क्वेकर पंथाचा, धंदा कॉर्सेट शिवण्याचा. मुलानेही प्रथम तेच काम केले. पुढे तो जकात खात्यात नोकरीला लागला. १७७४ साली ती नोकरी सुटली. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची भेट झाली, त्याचे शिफारसपत्र मिळाले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हा गृहस्थ अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. म्हणजे ज्याच्या पुस्तिकेने वसाहतींना स्वातंत्र्याची भाषा दिली तो त्या देशात जेमतेम चौदा महिन्यांचा नवागत होता. आपण स्थलांतर केलेली माणसे आहोत. नव्या देशात आलेल्याला तेथील जुन्या रहिवाशांहून काही गोष्टी लवकर दिसतात, याचा अनुभव आपल्याला आहे.

त्या वेळची परिस्थिती अशी होती. १७६५च्या स्टँप कायद्याने ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील वर्तमानपत्रे, पुस्तिका आणि कोर्टाचे कागद यांवर कर बसवला, तेव्हापासून वाद पेटला होता. १७५० ते १७७६ या काळात या वादासंबंधी चारशेहून अधिक पुस्तिका वसाहतींत निघाल्या असे इतिहासकार सांगतात. त्यांतील बहुतेक वकिलांच्या आणि पाद्र्यांच्या लेखणीतून उतरलेल्या असत. जॉन डिकिन्सनने १७६७-६८ मध्ये ‘पेन्सिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याची पत्रे’ लिहिली, पण तो शेतकरी केवळ नावापुरता. लेखक मोठा वकील होता. या साऱ्या पुस्तिकांचा प्रश्न एकच: पार्लमेंटला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार आहे काय? राजाविरुद्ध त्यांत ब्र नसे. राजा चांगला, मंत्री वाईट, असे म्हणून सगळे थांबत. १७७५च्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टन येथे गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली, तरीसुद्धा राजाची विनवणी करणारे अर्ज लंडनला जातच होते.

पेनने हा प्रश्नच बदलला. पार्लमेंटचा अधिकार किती, हे विचारण्याऐवजी त्याने विचारले की राजा हवाच कशाला? एका माणसाच्या पोटी जन्मलेला दुसरा माणूस लाखो लोकांचा धनी कसा होतो? एक लहानसे बेट समुद्रापलीकडच्या एवढ्या मोठ्या भूखंडावर कायमचे राज्य कसे करील? हे प्रश्न समजण्यास कायद्याचे ज्ञान लागत नव्हते. बेंजामिन रश नावाच्या डॉक्टराने पेनला लिहिण्यास उत्तेजन दिले होते, पण ‘स्वातंत्र्य’ आणि ‘प्रजासत्ताक’ हे दोन शब्द टाळ असा सल्लाही दिला होता. पेनने तो मानला नाही. पुस्तिकेचे नाव मात्र रशने सुचवलेलेच ठेवले. रॉबर्ट बेल या छापखानेवाल्याने ती दोन शिलिंग किमतीला, लेखकाच्या नावाशिवाय, बाजारात आणली.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात सरकार कशासाठी असते याची चर्चा, दुसऱ्यात राजसत्ता आणि वंशपरंपरा यांवर हल्ला, तिसऱ्यात अमेरिकेची तेव्हाची स्थिती, आणि चौथ्यात लढण्याची ताकद आपल्याजवळ आहे काय याचा हिशेब. लाकूड किती, जहाजे किती, खर्च किती, हे सारे तो दुकानदारासारखे मांडतो. आमच्या मते ही मांडणी आपल्याकडील कीर्तनाच्या फार जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या समाजात मराठीतून तोराच्या कथांवर कीर्तने होत आली. पूर्वरंगात कीर्तनकार तत्त्व सांगतो, उत्तररंगात सर्वांना ठाऊक असलेली कथा घेऊन ते तत्त्व पटवतो. श्रोत्याला योसेफाची कथा आधीच माहीत असते, म्हणूनच तिचा नवा अर्थ त्याच्या मनात चटकन उतरतो. पेननेही तेच केले. त्याच्या वाचकांच्या कित्येक घरांत बायबलखेरीज दुसरे पुस्तक नसे. त्याने लॅटिन दाखले बाजूला ठेवले आणि घरातल्या त्या एका पुस्तकावर बोट ठेवले.

पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात तो सांगतो की राजे ही मूर्तिपूजक राष्ट्रांची चाल. इस्राएल लोकांनी ती फार उशिरा त्यांच्यापासून उचलली. त्याआधी त्यांचा कारभार न्यायाधीश आणि वडीलजन पाहत असत. मग तो गिदोनाची कथा काढतो. मिद्यानी लोकांवर जय मिळवल्यावर इस्राएल लोक गिदोनाला म्हणाले, तू आणि तुझा मुलगा आमच्यावर राज्य करा. गिदोनाने ते नाकारले आणि राज्य परमेश्वराचेच आहे असे सांगितले. त्यानंतर शमुवेलाची कथा येते. लोक म्हाताऱ्या शमुवेलाकडे राजा मागायला येतात. शमुवेल त्यांना बजावतो की राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावायला घेईल, मुली स्वयंपाकाला आणि भट्टीवर लावील, शेते आणि द्राक्षमळे घेऊन चाकरांना देईल, दशमांश घेईल, आणि शेवटी तुम्ही ओरडाल तेव्हा परमेश्वर ऐकणार नाही. त्यापुढे गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमुवेलाच्या प्रार्थनेने मेघगर्जना आणि पाऊस झाला, तो प्रसंगही पेन देतो. हे सारे तो लांबलचक उतारे देऊन सांगतो आणि निर्णय देतो की शास्त्राची साक्ष राजाविरुद्ध आहे, त्यात संदेहास जागा नाही.

हा भाग साध्या वाचकाच्या मनाला कसा भिडला असेल याची कल्पना करता येते. राजनिष्ठा हे धर्माचे कर्तव्य आहे असे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनामंदिरांतून शिकवले गेले होते. राजाविरुद्ध जाणे म्हणजे देवाविरुद्ध जाणे, ही भीती कायद्याच्या युक्तिवादाने जात नाही. ती त्याच ग्रंथाच्या आधाराने घालवावी लागते. पेनने ती घालवली. आमच्या समजुतीप्रमाणे या पुस्तिकेचे खरे कार्य हेच होय. लोकांच्या मनात राग पुष्कळ होता. तो राग बोलून दाखवण्यात पाप नाही, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

आता तिचा प्रसार. पेनने स्वतः तीन महिन्यांत एक लाख वीस हजार प्रती खपल्याचे लिहिले, आणि पुढे इतरांनी तो आकडा पाच लाखांपर्यंत चढवला. येथे वाचकाने सावध राहावे. तेव्हा तेरा वसाहतींची लोकसंख्या गुलामांसह सुमारे पंचवीस लाख. एक लाख वीस हजार म्हटले तरी दर वीस-एकवीस माणसांमागे एक प्रत होते. छापखाने हाताने चालणारे, कागदाची टंचाई, आणि रस्ते खराब. १७७६ सालात अमेरिकेत सुमारे पंचवीस आवृत्त्या निघाल्या हे खरे. परंतु अलीकडच्या संशोधकांनी हे सगळे हिशेब तपासून प्रत्यक्ष खप पुष्कळच कमी असावा असे दाखवले आहे. आमच्या मते याने पुस्तिकेची किंमत उतरत नाही. एक प्रत अनेकांना वाचून दाखवली जाई, वर्तमानपत्रे उतारे छापत, आणि फिलाडेल्फियातच त्याच वर्षी जर्मन भाषांतरही निघाले. त्या वसाहतीत जर्मन बोलणारी स्थलांतरित वस्ती मोठी होती. सरकारी भाषा वेगळी असली तरी मनाचा निर्णय माणूस आपल्या घरच्या भाषेत करतो, हे आपल्यासारख्या मराठी जपणाऱ्यांस सांगावयास नको.

मग वसाहतींचे मत केवळ या पुस्तिकेने फिरले काय? तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पुस्तिका बाजारात आली त्याच सुमारास राजा तिसरा जॉर्ज याचे पार्लमेंटमधील भाषण फिलाडेल्फियात पोहोचले. त्यात त्याने वसाहतींचे बंड शस्त्राने मोडण्याचा निश्चय सांगितला होता. जानेवारीच्या पहिल्या तारखेस व्हर्जिनियातील नॉरफोक शहर जळाले. पुढे मे महिन्यात जर्मन भाडोत्री सैनिक येत असल्याची बातमी आली. ज्या राजाला लोक बापासारखा मानत होते तोच सैन्य धाडत होता. पेनचे शब्द आणि राजाची कृती एकाच वेळी लोकांसमोर आली. जॉर्ज वॉशिंग्टनने जानेवारीअखेरच्या एका पत्रात जळालेल्या शहरांचा आणि या पुस्तिकेचा उल्लेख एकत्रच केला आहे, तो उगाच नव्हे. एप्रिल ते जुलै या महिन्यांत गावोगावच्या आणि परगण्यांच्या सभांनी स्वातंत्र्याच्या बाजूने सुमारे नव्वद ठराव केले. घटनांनी लोकांना ढकलले आणि पुस्तिकेने त्यांना ठरावात काय लिहावे ते सुचवले, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

यानंतर आमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. पेनने शमुवेलाची साक्ष दिली, पण ग्रंथ पुरा उघडला नाही. तोराच्या पाचव्या ग्रंथात, दवारीमच्या सतराव्या अध्यायात, देशात स्थिर झाल्यावर राजा नेमण्याविषयी स्पष्ट वचन आहे: राजा आपल्याच भाऊबंदांतला असावा, त्याने फार घोडे, फार बायका, फार सोनेरुपे जमवू नये, आणि तोराची प्रत जवळ ठेवून ती आयुष्यभर वाचावी. पेनने या अध्यायाचा उल्लेखही केला नाही. विरोधकांच्या ते ध्यानात आले. न्यूयॉर्कचा पाद्री चार्ल्स इंग्लिस याने उत्तरादाखल पुस्तिका लिहिली आणि नेमके हेच दवारीमचे वचन पुढे केले. त्या उत्तराचे काय झाले? १७७६च्या मार्चमध्ये जमावाने न्यूयॉर्कच्या छापखान्यातून त्याच्या प्रती ओढून काढून जाळल्या. पुढे ते फिलाडेल्फियात छापून निघाले खरे, पण स्वातंत्र्याच्या पक्षाला मिळालेल्या पाठिंब्यात पेनच्या लेखणीबरोबर त्या होळीचाही वाटा होता, हे परीक्षकाने लपवू नये.

आपल्या ज्ञानी पुरुषांनी हा वाद पुष्कळ आधी घातला होता, आणि दोन्ही वचने समोर ठेवून घातला होता. तल्मूदच्या सनहेद्रिन भागात रब्बी यहूदा म्हणतो की राजा नेमणे ही आज्ञाच आहे. रब्बी नेहोराय म्हणतो की लोक कुरकुर करतील हे जाणून ते वचन सांगितले गेले. मैमोनिदेसाने राजा नेमणे आज्ञांत धरले. उलट डॉन इसहाक अब्रबनेल, ज्याने पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांच्या पैशाचा कारभार पाहिला आणि १४९२ साली स्पेनमधून आपल्या लोकांबरोबर बाहेर पडण्याचे दुःख भोगले, त्याने राजाची गरज नाही असे लिहिले. तेव्हा पेनचा निष्कर्ष यहुदी परंपरेला परका नाही. परंतु आपल्या पंडितांनी विरुद्ध वचन लपवले नाही. त्याला तोंड देऊन मगच त्यांनी आपला पक्ष मांडला.

पेनला हे वचन ठाऊक नव्हते काय? जॉन अ‍ॅडम्सच्या आठवणींत एक प्रसंग आहे. अ‍ॅडम्सने पेनला तोंडावर सांगितले की जुन्या करारावरून काढलेला तुझा युक्तिवाद हास्यास्पद आहे. पेन हसला आणि म्हणाला की तो भाग आपण मिल्टनकडून घेतला. एवढेच नव्हे तर बायबलविषयी त्याने तुच्छताही दाखवली. अ‍ॅडम्सला पेन आवडत नसे, तेव्हा ही हकीकत थोडी चाळून घ्यावी. मात्र पेनच्या पुढील ग्रंथाने तिला पुष्टी मिळते. १७९४-९५ मध्ये त्याने ‘एज ऑफ रीझन’ लिहिले, त्यात त्याने बायबलावर कडक हल्ला केला आणि शमुवेलाचे ग्रंथ निनावी व निराधार ठरवले. १७७६ साली ज्याची साक्ष निर्णायक मानली, त्या साक्षीदाराला वीस वर्षांच्या आत खोटा ठरवले! मत बदलण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु ज्याच्यावर आपली श्रद्धा नाही अशा ग्रंथाने दुसऱ्याची श्रद्धा वळवणे, हे हेतू कितीही चांगला असला तरी सरळ काम नव्हे.

याचा परिणाम व्यवहारातही दिसतो. १७७६च्याच उत्तरार्धात पेन्सिल्व्हेनियाची नवी घटना झाली. ती करण्यात पेनच्या मित्रांचा हात होता, आणि पेनने सुचवल्याप्रमाणे विधिमंडळाचे एकच सभागृह तीत ठेवले होते. त्या घटनेप्रमाणे सभागृहात बसणाऱ्याला जुना आणि नवा, दोन्ही करार ईश्वरप्रेरित आहेत अशी शपथ घ्यावी लागे. याचा अर्थ असा की ज्या शहरात शमुवेलाच्या शब्दांवर राजाचा अधिकार नाकारला गेला, त्या शहरात शमुवेलाच्या वंशजांना विधिमंडळाचे दार बंद झाले. पेनने स्वतः पुस्तिकेत सर्व धर्मांच्या लोकांचे रक्षण करणे सरकारचे कर्तव्य आहे असे लिहिले होते. दोष त्याच्या शब्दांचा नाही. १७८३ साली फिलाडेल्फियाच्या मिक्वे इस्राएल सिनेगॉगच्या पुढाऱ्यांनी या शपथेविरुद्ध अर्ज केला, आणि १७९०च्या घटनेत नव्या कराराची अट निघाली. पुस्तिकेने एका हिवाळ्यात राजाची भीती घालवली. शेजाऱ्याला बरोबरीचा हक्क मिळायला चौदा वर्षे आणि एक शांत, नम्र अर्ज लागला.

आणि गुलामांचे काय? वसाहतींतील सुमारे पाचवा हिस्सा लोक गुलामीत होते. पुस्तिकेत त्यांचा आणि तेथील मूळ रहिवाशांचा उल्लेख येतो तो इंग्रजांनी आमच्याविरुद्ध चिथावलेले लोक म्हणून. गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडावे लागले. येथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवेल. जोतीराव फुले यांनी तरुणपणी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पेनचा सर्वांत चांगला वाचक कदाचित पुण्यातच झाला असे आम्हांस वाटते. त्याने पेनकडून राजाविरुद्धचा प्रश्न घेतला आणि तो जातीच्या राजांना विचारला.

एवढे दोष दाखवूनही आम्ही ही पुस्तिका थोर मानतो. तिची भाषा सरळ आहे, लेखक वाचकाला मूर्ख समजत नाही, आणि पैशाच्या बाबतीत तर तो निर्मळ होता. शमुवेलाने निरोप घेताना लोकांना विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले? पेनने आपला नफ्याचा वाटा क्वेबेककडे थंडीत निघालेल्या सैनिकांच्या हातमोज्यांसाठी नेमून दिला होता. या कसोटीला तो उतरतो. पण साक्षीच्या कसोटीला तो अर्धाच उतरतो. घाबरलेल्या माणसाला उभे करण्याचे काम पत्रक करते, आणि त्यासाठी त्याला एकच बाजू सांगावी लागते. उभे राहिलेल्या माणसांनी घर बांधायला घेतले की दुसरी बाजूही ऐकावी लागते, आणि ती पत्रकात सापडत नाही.

आपल्या वाचनाच्या क्रमात ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. उन्हाळ्याच्या आरंभी कोरह परशेच्या शब्बाथला सामान्यतः शमुवेलाचे तेच निरोपाचे भाषण आणि कापणीतला तो पाऊस हाफ्तारा म्हणून वाचतात. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, एलुल महिन्यात, शोफ्तीम परशेत राजा नेमण्याचे वचन येते. एकाच उन्हाळ्यात दोन्ही वाचने होतात. निवडणुकीच्या दिवसांत जिन्यात आणि दारात पत्रकांचा ढीग पडतो, तेव्हा तरुण वाचकांनी आपापल्या पक्षाचे पत्रक खुशाल वाचावे, पटले तर वाटावेही. मात्र त्यात कोणता अध्याय गाळला आहे हे एकदा शोधून पाहावे.